वाचकांचे प्रश्न : चेंडू हातात नसताना

प्रश्न : मी ऐरोली येथील एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक असून चौदा आणि सतरा वर्षांखालील मुलांच्या बास्केटबॉल संघांना शिकवतो. ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत नेणे), पास आणि ले-अप (धावत बास्केटजवळ जाऊन चेंडू टाकणे) यांत मुलांची प्रगती समाधानकारक आहे. परंतु चेंडू एकाच्या हातात गेला की उरलेले चौघे जागच्या जागी उभे राहून त्याच्याकडे पाहत राहतात, नाहीतर चौघेही हात वर करून त्याच्याच दिशेने धावतात. शंकू मांडून व्ही-कट आणि एल-कट (मोकळे होण्यासाठी अचानक दिशा बदलून इंग्रजी ‘व्ही’ व ‘एल’ अक्षरांच्या आकारात घेतलेल्या धावा) यांचा भरपूर सराव करून घेतला. सरावात मुले ते उत्तम करतात, सामन्यात मात्र विसरतात. आमच्या शाळेत खो-खो, कबड्डी आणि फुटबॉल हे खेळ चांगले चालतात. त्या खेळांचे प्रशिक्षण बास्केटबॉलच्या मुलांना दिल्यास उपयोग होईल का, आणि ते कसे द्यावे?
— एक क्रीडाशिक्षक, ऐरोली

उत्तर : उपयोग निश्चित होईल; मात्र दुसऱ्या खेळाचा व्यायाम जसाच्या तसा उचलून आणण्यापेक्षा त्या खेळाने खेळाडूपुढे टाकलेला पेच आपल्या मैदानावर आणला, तरच तो होईल. शंकूंभोवती उत्तम कट करणारी मुले सामन्यात विसरतात असे आपण लिहिले आहे. माझ्या मते ती विसरत नाहीत. सामन्यात जे लागते ते त्यांच्यापुढे सरावात कधी आलेलेच नसते. शंकू मान वळवत नाही, एका पायावर भार टाकत नाही आणि फसतही नाही. त्यामुळे कुठे वळायचे हे मुलाला पाठ होते, परंतु ‘आत्ता वळ’ असे सांगणारी खूण त्याने पाहिलेली नसते. चेंडूविना हालचालीत पायांहून अधिक काम डोळ्यांचे असते, आणि डोळ्यांना असे काम देणारे खेळ आपल्या शाळेत आधीपासूनच चालू आहेत.

हे कौशल्य किती मोलाचे आहे ते मुलांना पटवण्यासाठी एक सामना पुरेसा आहे. ५ डिसेंबर २०१६ रोजी एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या क्ले थॉम्पसनने इंडियाना पेसर्सविरुद्ध २९ मिनिटांत ६० गुण केले, आणि त्या संपूर्ण सामन्यात त्याने चेंडू अवघा ११ वेळा ड्रिबल केला. बाकीचे सारे काम चेंडू हाती येण्यापूर्वी, म्हणजे धावण्यात, थबकण्यात आणि सहकाऱ्याच्या स्क्रीनचा, म्हणजे त्याने बचावपटूच्या वाटेत स्थिर उभे राहून केलेल्या अडथळ्याचा, आडोसा घेण्यात झाले होते. या सामन्याची चित्रफीत दाखवताना मुलांना चेंडूकडे पाहण्यास मनाई करावी आणि केवळ ११ क्रमांकाच्या खेळाडूवर नजर ठेवायला सांगावे. बहुतेक मुलांना पहिली काही मिनिटे ते जमत नाही, आणि त्यातूनच आपल्या संघातील चौघे चेंडूकडे का पाहत राहतात हे त्यांचे त्यांनाच कळते.

आता खो-खोकडे वळू, कारण माझ्या मते आपल्या हाताशी असलेल्या खेळांमध्ये या कामासाठी खो-खोइतका उपयुक्त खेळ दुसरा नाही. खो-खोत पाठलाग करणाऱ्या खेळाडूने एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत पोहोचेपर्यंत त्याला मागे फिरता येत नाही आणि मधली पट्टीही ओलांडता येत नाही. पळणाऱ्याला मात्र दोन्ही बंधने नाहीत. म्हणून चांगला पळणारा उगाच धावत सुटत नाही. पाठलाग करणाऱ्याचे खांदे कोणत्या बाजूला वळतात हे तो पाहतो, त्याला दिशा घेऊ देतो आणि मग बसलेल्या दोन गड्यांमधून पलीकडे निसटतो. एकेरी साखळीत, म्हणजे बसलेल्या गड्यांमधून नागमोडी पळत, खेळणाऱ्या मुलांचे पाय पाहून आपण त्यांच्या चपळाईचे कौतुक करतो, पण त्यांचे खरे यश समोरचा बांधला जाईपर्यंत थांबण्यात असते. बास्केटबॉलमधील बचावपटूला नियमाने कोणी बांधत नाही. तो स्वतःच स्वतःला बांधून घेतो. चेंडू पाहण्यासाठी त्याने मान पूर्ण वळवली, किंवा पास अडवण्यासाठी पुढचा पाय पासच्या मार्गात टाकला, की त्या क्षणापुरती त्याने दिशा घेतलेली असते. त्याच क्षणी त्याच्या पाठीमागून बास्केटकडे जाणारा खेळाडू, ज्याला आपण बॅकडोअर कट म्हणतो तो करणारा, मोकळा होतो.

यासाठी अर्ध्या मैदानावर एक साधा खेळ मांडता येईल. चेंडू घेऊन आपण वर, मध्यरेषेच्या बाजूला उभे राहावे. बाजूला एक आक्रमक आणि त्याचा बचावपटू असावा. आक्रमकाने रमतगमत, निम्म्या वेगाने हालचाल करत राहावी आणि वर सांगितलेल्या दोन खुणांपैकी एक दिसल्याशिवाय वेगाने सुटू नये. खूण दिसण्याआधी तो सुटला तर गुण बचावपटूला मिळेल. खूण पाहून तो वेळेवर सुटला, पास मिळाला आणि ले-अप झाला तर दोन गुण त्याला मिळतील. सुरुवातीला बचावपटूने मुद्दाम चुका कराव्यात, पुढे त्याला खरा बचाव करू द्यावा. या खेळात मुले पहिल्या दिवशी फार घाईने सुटतात आणि गुण गमावतात. त्यांना रागावण्याची गरज नसते, गुणफलक पुरेसा असतो.

खो-खोतील दुसरी शिकवण स्क्रीनसाठी आहे. खो मिळण्याआधी बसलेला गडी उठला तर तो नियमभंग ठरतो. शालेय बास्केटबॉलमध्ये स्क्रीन वाया जाण्याचे सर्वांत सामान्य कारण हेच असते, की सहकारी जागेवर स्थिरावण्याआधीच कट करणारा निघून जातो. मग बचावपटू आरामात त्याच्यासोबत जातो, किंवा स्क्रीन लावणारा त्याच्या मागे सरकतो आणि पंच हलत्या स्क्रीनचा फाऊल देतात. म्हणून सरावात स्क्रीन लावणाऱ्याने दोन्ही पाय रोवून स्थिर झाल्यावर मोठ्याने ‘खो’ म्हणावे आणि तोपर्यंत दुसऱ्याने हलू नये. काही आठवड्यांनी आवाज बंद करून त्याऐवजी हाताचा हलका स्पर्श ठेवावा, कारण सामन्यात आवाज प्रतिस्पर्ध्यालाही ऐकू जातो. खांबावरचे वळण हाही असाच एक उपयोगी भाग आहे. खांबाला लगटून, कंबर खाली ठेवून वळणारी मुले स्क्रीनभोवतीही तशीच घट्ट वळतात आणि मध्ये बचावपटूला शिरायला फट ठेवत नाहीत. अर्थात खो-खोत खांब हाताने धरता येतो, बास्केटबॉलमध्ये सहकाऱ्याला धरून वळता येत नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवावे. आपल्या शाळेचा खो-खो संघ चांगला असेल तर त्याच्या प्रशिक्षकांना आठवड्यातून एकदा बास्केटबॉलच्या मैदानावर बोलवावे.

ड्रिबलची सवय मोडण्यासाठी मात्र खो-खो उपयोगी नाही. तेथे नेटबॉल कामी येतो. नेटबॉलमध्ये चेंडू हाती आल्यावर धावता येत नाही, ड्रिबल करता येत नाही आणि तीन सेकंदांत चेंडू सोडावा लागतो. म्हणजे चेंडू पुढे नेण्याची संपूर्ण जबाबदारी ज्यांच्या हातात तो नाही त्यांच्यावर येते. या खेळाचे मूळ बास्केटबॉलमध्येच आहे. जेम्स नाइस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये जे तेरा नियम मांडले, त्यांतही चेंडू घेऊन धावण्यास बंदी होती आणि जेथे चेंडू झेलला तेथूनच तो फेकावा लागत असे. ड्रिबल नंतर आला. आपण मुलांना तीन विरुद्ध तीन असे अर्ध्या मैदानावर अशाच बंधनांखाली खेळवावे: ड्रिबल नाही, तीन सेकंदांची मोजणी मोठ्याने, आणि पास दिलेल्या खेळाडूने लगेच हलले पाहिजे. पहिल्या दिवशी खेळ अत्यंत बेंगरूळ दिसेल आणि चेंडू वारंवार हातचा जाईल. तरीही मध्येच ड्रिबलची सवलत देऊ नये.

चौघे चेंडूकडे धावतात ही आपली तक्रार अल्टिमेट फ्रिस्बी या खेळाच्या प्रशिक्षकांना चांगली परिचित असेल. त्या खेळातही चकती हाती असलेला खेळाडू धावू शकत नाही आणि त्याच्याजवळ दहा सेकंदांचाच अवधी असतो. त्यामुळे एकाने कट केला आणि त्याला चकती मिळाली नाही, तर त्याने ताबडतोब ती वाट मोकळी करून दुसऱ्याला येऊ द्यायचे, हा तेथील पहिला धडा असतो. आपल्याकडे कट झाल्यावर मुलगा बास्केटखाली हात वर करून उभाच राहतो. त्याने दुसऱ्याची वाट अडते आणि बास्केटसमोरच्या रंगवलेल्या चौकोनात सलग तीन सेकंदांहून अधिक थांबल्याबद्दल चेंडूही जातो. ‘दोन मोजेपर्यंत पास आला नाही तर लांबच्या कोपऱ्यात जा’ एवढा एकच नियम घालून दिला, तरी मैदान एकदम मोठे वाटू लागते.

फुटबॉलमधून मी धावणे घेणार नाही, पाहणे घेईन. नॉर्वेतील क्रीडा संशोधक गेइर यॉर्डेट यांनी पास मिळण्यापूर्वी फुटबॉलपटू किती वेळा मान वळवून आजूबाजूला पाहतात याचा दीर्घकाळ अभ्यास केला, आणि अधिक वेळा पाहणाऱ्या मधल्या फळीच्या खेळाडूंचे पुढील दिशेचे पास अधिक यशस्वी होतात असे त्यांना आढळले. बास्केटबॉलमध्येही चेंडू हवेत असताना सर्वांचे लक्ष चेंडूवर असते. तो एका हातातून दुसऱ्या हातात जात असताना क्षणभर नजर काढून आपला बचावपटू कोठे आहे हे पाहण्याची सवय लावावी लागते. वर सांगितलेल्या तीन विरुद्ध तीनच्या खेळात मध्येच शिट्टी वाजवून सर्वांना गोठवावे, डोळे मिटायला लावावेत आणि ‘तुझा बचावपटू कोणत्या बाजूला आहे, बोटाने दाखव’ असे विचारावे. फुटबॉलमधील तिसऱ्या गड्याची धाव हीदेखील येथे चपखल बसते. पहिला दुसऱ्याला पास देतो त्या वेळीच, चेंडू दुसऱ्याच्या हाती पोहोचण्याआधी, तिसऱ्याने निघायचे असते, कारण त्या वेळी सर्व बचावपटूंच्या माना दुसऱ्याकडे वळलेल्या असतात.

कबड्डीबद्दल आपण विचारले आहे, पण या विशिष्ट हेतूसाठी मी तिला मागे ठेवीन. दोन्ही कोपरे एकाच वेळी नजरेत ठेवणारा चढाईपटू खूप काही शिकवतो हे खरे. तथापि कबड्डीतील सांघिक हालचाल जागा आवळण्यासाठी असते, आणि आपल्याला जागा उघडायची आहे. बचाव शिकवताना मात्र साखळीचा उपयोग अवश्य करावा.

आपल्या भागातील बहुतेक मैदाने उघडी आणि सिमेंटची असतात. जून ते सप्टेंबर त्यांवर शेवाळ धरते आणि धावत कट करणे धोक्याचे होते. त्या महिन्यांत शाळेच्या सभागृहात पाच विरुद्ध पाच, केवळ चालत, ड्रिबलविना खेळावे. वेग काढून घेतला की मोकळे होण्यासाठी कोन आणि वेळ एवढेच उरते, आणि एरवी केवळ वेगावर निभावून नेणाऱ्या मुलांची खरी स्थिती उघड होते. नियमित सरावाच्या दिवसांत या सर्व खेळांपैकी एकच निवडून सुरुवातीची वीसेक मिनिटे त्याला द्यावीत आणि लगेच नंतर त्याच नियमासह बास्केटबॉल खेळावा. दोन्हींमध्ये दिवसांचे अंतर पडले तर मुलांना त्यांचा संबंध लागत नाही. प्रगती मोजायची असल्यास बाकावरील एका मुलाला वही देऊन, प्रत्येक खेळाडूने किती पास उभ्याने घेतले आणि किती हलत्या पायांनी घेतले, एवढीच नोंद ठेवण्यास सांगावे. गुणसंख्येपेक्षा ही नोंद आपल्याला लवकर उत्तर देईल.

प्रश्न : आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत राहतो. माझी तेरा वर्षांची मुलगी शाळेच्या संघातून खो-खो खेळते आणि सायंकाळी बास्केटबॉलच्या वर्गाला जाते. बास्केटबॉलच्या सरांचे म्हणणे असे की, खो-खोमुळे तिला चुकीच्या सवयी लागत असून तिने आता एकच खेळ निवडावा. तिला दोन्ही आवडतात. काय करावे?
— एक पालक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : आपण या वयात तिला कोणताही खेळ सोडायला लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात एकाच खेळावर लक्ष केंद्रित करणे साधारण १५-१६ वर्षांपर्यंत लांबवावे असा सल्ला दिला आहे. दुसरे असे की, सांघिक खेळांतील ‘पाहण्याचे’ कौशल्य काही प्रमाणात एका खेळातून दुसऱ्या खेळात जाते. ॲबरनेथी, बेकर आणि कोते या संशोधकांनी २००५ मध्ये नेटबॉल, बास्केटबॉल आणि हॉकी यांतील निष्णात खेळाडूंना एकमेकांच्या खेळांतील स्थिती दाखवून त्या आठवायला लावल्या. तेव्हा परक्या खेळातीलही बचावपटूंच्या जागा निष्णात खेळाडूंना इतरांपेक्षा अधिक चांगल्या आठवल्या. खो-खो त्या अभ्यासात नव्हता, त्यामुळे त्याचा पुरावा म्हणून याकडे पाहू नये. पण बचाव करणारा कोठे उभा आहे हे ओळखण्याची सवय वाया जात नाही, एवढे त्यावरून म्हणता येते.

आपल्या मुलीच्या सरांचे म्हणणे मात्र निराधार नाही. खो-खोत पळणाऱ्याला शक्य तितका वेळ निसटत राहायचे असते. बास्केटबॉलमध्ये निसटल्यानंतर चेंडूकडे यायचे, दोन्ही पायांवर थांबायचे आणि एक पाय रोवून वळायचे असते. हे थांबणे खो-खोत नसल्याने अशा मुली झेल घेतल्यावर एक पाऊल जास्त टाकतात आणि ट्रॅव्हलिंगमध्ये, म्हणजे चेंडू धरून नियमापेक्षा जास्त पावले टाकण्याच्या चुकीत, चेंडू गमावतात. शिवाय गोलाकार, वाहत्या वळणांची सवय असल्यामुळे व्ही-कटचे टोक बोथट होते. यावरचा उपाय खो-खो थांबवणे हा नाही. प्रत्येक कटच्या शेवटी झेल आणि दोन पायांवरचा थांबा येईल असा सराव सरांनी तिला वेगळा द्यावा. काही आठवड्यांत फरक दिसू लागतो.

आपण लक्ष द्यायचे ते भारावर. दिशा बदलण्याच्या आणि उडीवरून उतरण्याच्या खेळांत मुलींना गुडघ्याच्या अस्थिबंधाची दुखापत मुलांच्या तुलनेत अधिक होते, आणि दोन्ही खेळ नेमके याच प्रकारचे आहेत. त्यामुळे आठवड्यात किमान एक पूर्ण दिवस विश्रांती असावी, एकाच दिवशी दोन्हींचा कडक सराव नसावा, आणि फुटबॉलसाठी तयार झालेल्या ‘फिफा ११ प्लस’ या साधारण वीस मिनिटांच्या पूर्वतयारीचे व्यायाम तिला शिकवावेत. शालेय स्पर्धांच्या काळात दोन्ही संघांच्या तारखा जवळ येतात. तेव्हा दोन्ही प्रशिक्षकांना एकत्र बसवून वेळापत्रक ठरवून घ्यावे. हे काम तेरा वर्षांच्या मुलीवर सोपवू नये.

एक सूचना जाता जाता. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी विजेतेपद मिळवले, आणि प्रतीक वाईकर व प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचेच होते. त्या सामन्यांच्या चित्रफिती तिच्यासोबत पाहाव्यात आणि पळणारी खेळाडू नेमकी कोणत्या क्षणी वळली, त्या क्षणी पाठलाग करणारीचे खांदे कोठे होते, हे तिलाच सांगायला लावावे.

प्रश्न : वय ४४. खारघरमध्ये दर रविवारी आम्ही मित्र बास्केटबॉल खेळतो. वेग पूर्वीचा राहिलेला नाही आणि तरुण मुले मला मोकळे होऊच देत नाहीत. दुसऱ्या कोणत्या खेळाचा सराव करून हे सुधारेल का?
— एक हौशी खेळाडू, खारघर

उत्तर : वेगासाठी दुसरा खेळ सुरू करू नये, गुडघे त्याची किंमत वसूल करतात. प्रशिक्षक पीट कॅरिल यांच्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संघाने मार्च १९९६ मध्ये अमेरिकेतील महाविद्यालयीन स्पर्धेत आदल्या वर्षीच्या विजेत्या यूसीएलए विद्यापीठाला ४३-४१ असे हरवले, तेव्हा प्रिन्स्टनचे खेळाडू अधिक वेगवान नव्हते. निर्णायक बास्केट शेवटच्या काही सेकंदांत बॅकडोअर कटवरच झाली. आपणही प्रतिस्पर्ध्याच्या नजरेबाहेर, त्याच्या पाठीमागच्या बाजूला उभे राहण्याची सवय करावी, म्हणजे आपल्याला पाहण्यासाठी त्याला चेंडूवरून नजर काढावी लागेल. चालत राहावे आणि त्याने मान वळवली की तीनच पावले वेगाने टाकावीत. पास आला नाही तर कोपऱ्यात जाऊन पुन्हा चालू लागावे. तरुण मुले साधारणपणे चेंडूकडेच पाहत असतात, त्यामुळे आपल्याला फार वेळ वाट पाहावी लागणार नाही. मात्र आपल्याकडे पाहून पास देणारा एक मित्र संघात आधी पटवून ठेवावा.